बाईसाहेबांची बादली

आमच्या तबेल्याच्या दारावर वहिनीने पाटी लावली होती: "हात धुवा. हात हुंगू द्या. मग आत या." लोकांना आधी गंमत वाटायची. मग वहिनी खरोखरच त्यांचा पंजा धरून नाकाशी न्यायची आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. साबणाचा वास आला तर आत सोडायची. अत्तराचा आला तर परत नळावर पाठवायची. आणि बिस्किटाचा किंवा साखरेचा आला, तर त्या माणसाचं काही खरं नसे. एकदा तर तिने घोड्यांच्या डॉक्टरांचाच हात हुंगला आणि विचारलं, "गोड काय खाल्लंत?" डॉक्टर बिचारे खिशातली पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी गाडीत ठेवून आले.

मी तिची नणंद. तबेल्याचं ऑफिस मी सांभाळते. फोन घ्यायचे, कोण कधी शिकायला येणार ते ठरवायचं, कुठला घोडा कुणाला द्यायचा ते बघायचं. लग्न केलं नाही, त्यामुळे संशय घ्यायला मला एकच घर मिळालं, आणि त्या संधीचं मी सोनं केलं. वहिनी घरात आल्या दिवसापासून माझं तिच्यावर लक्ष आहे. तिचंही माझ्यावर आहे. एरवी ती मला नुसत्या नावाने हाक मारते, पण तोंडातून "वन्सं" निघालं की समजावं, बाईसाहेब तापल्या आहेत. अर्थात खऱ्या बाईसाहेब म्हणजे आमची घोडी. तिच्याकडे येतेच आता.

वहिनीचे वडील रेसकोर्सवर मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखायचे. ती तिथेच, गवताच्या गंजीवर लोळत वाढली. लहानपणी तिने एक घोडा बघितला होता. पाय दुखत होता, तरी त्याला दुखणं मारायची पावडर देऊन शर्यतीत उतरवलं. आपला पाय मोडतोय हे त्या जनावराला कळलंच नाही, मोडेपर्यंत ते धावत राहिलं. ही गोष्ट वहिनीने आम्हाला इतक्या वेळा ऐकवली, की मी ती झोपेतही सांगू शकेन. पण दर वेळी सांगताना तिचा आवाज बसायचा, हेही खरं. तेव्हापासून पावडर म्हटलं की तिचं डोकं फिरायचं.

लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने तबेल्याच्या खिडक्या उघडून टाकल्या. घोड्याला थंडी वाजत नाही, कोंदट हवेने खोकला होतो, हे तिचं म्हणणं. काकवीचं पिंप बाहेर गेलं. एकेकटे बांधलेले घोडे तिने जोडीजोडीने मोकळे सोडले. दाणा कमी केला आणि बारीक जाळीच्या पिशव्यांमधून दिवसभर सुकं गवत टांगलं, घोड्याचं पोट रिकामं राहायला बनलेलंच नाही म्हणून. नाल काढून टाकले, खूर नुसतेच तासून ठेवले. नालबंद जो रागावून गेला तो पुन्हा आमच्या रस्त्याला फिरकला नाही. वर तिचे ते वाडगे. जवस, पुदिना, बडीशेप, हळद, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाची साल. घोड्यासमोर सगळे मांडायचे आणि त्यालाच निवडू द्यायचं. घोड्याला आपल्या अंगात काय कमी आहे ते कळतं, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, आपल्या घरातल्या माणसांना पानात जे पडेल ते गिळावं लागतं आणि घोड्यांना बुफे.

दादा यात कुठे होता? दादा कुठेच नसायचा. माझा भाऊ बोलायला कंजूष माणूस. बायको म्हणेल ते हो, बहीण म्हणेल तेही हो. तबेला त्याचा, शिकवणं त्याचं, पण आवाज वहिनीचा. आणि खरं सांगायचं तर घोड्यांचा खोकला गेला. अंगावर तकाकी आली. जे चावायचे ते चावेनासे झाले. हे मी वहिनीला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझा हात हुंगला असता.

आता बाईसाहेब. करड्या रंगाची म्हातारी घोडी, चिखलात पाय घालायचा म्हटलं की अशी नाक मुरडायची की हेच नाव पडलं. गावातली निम्मी पोरं तिच्या पाठीवर बसायला शिकली. पडणाऱ्या पोराला ती स्वतः खांदा वळवून सावरायची. वहिनीचा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव. नवऱ्यापेक्षाही, असं मी म्हटलं तर दादा हसायचा.

कुरणात कोवळं गवत वर आलं होतं आणि कुणीतरी फाटक उघडं ठेवलं. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. वहिनीने प्रत्येकाला आळीपाळीने पकडलं, मलाही. कोवळ्या गवतात साखर फार. बाईसाहेबांनी त्यावर ताव मारला आणि त्यांचे खूर धरले, म्हणजे आतून सुजून आखडले. पुढचे दोन्ही खूर तव्यासारखे गरम. पुढे भार टाकवेना, म्हणून सगळं अंग मागे रेलून उभी राहायची, खुर्चीच्या कडेवर कसंबसं टेकलेल्या माणसासारखी. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजलाय. त्याने हाड सोडलं आणि ते खाली सरकलं की मग काही उपाय नाही. त्यांनी दुखण्याच्या पावडरीच्या पुड्यांचा डबा दिला. रोज एक पुडी, जास्त नाही. फरक पडला नाही तर तिला त्रासात ठेवू नका, असंही म्हणाले.

वहिनीने तो डबा उचलला आणि सरळ त्यांच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवला. हे माझ्या घोडीच्या पोटात जाणार नाही, मला थोडा वेळ द्या, म्हणाली. डॉक्टर तसा शांत माणूस. गाडीत बसता बसता एवढंच म्हणाले, "वेळ तुम्ही मागताय. सहन ती करणार आहे."

मग वहिनीने कंबर कसली. गवत पाण्यात भिजवून, साखर धुऊन निघाली की ते पाणी ओतून देऊन मगच घोडीपुढे. आत मऊ वाळू अंथरली. खुरांखाली रबराचे जाड तुकडे बांधले. सकाळ-संध्याकाळ ओढ्याच्या गार पाण्यात उभी करायची, मानेपासून पाठीपर्यंत हाताने चोळायची, वाळुंजाची साल उकळून तिचा काढा बादलीत घालायची. वहिनीला कशाची शुद्ध उरली नव्हती, खाणंपिणं विसरली होती बाई. तरी घोडी रेललेलीच. बाहेरच्या खोलीत बसलं तरी तिचं कण्हणं ऐकू यायचं, आणि मी रेडिओ मोठा करायचे.

आणि मग एकदम फरक पडला. बाईसाहेब सरळ उभ्या. मग दोन पावलं. मग ओढ्यापर्यंत आपल्या पायांनी. लोकांना बातमी लागायला वेळ लागतो का? औषधाशिवाय खूर धरलेली घोडी चालवली म्हणे. रविवारी दुसऱ्या तबेल्यांचे मालक, घोडे पाळणारी हौशी माणसं, बघायला येऊ लागली. ऑफिसातल्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी बाकं मागवली. वहिनी त्यांना सालीचा काढा दाखवायची, गवत कसं भिजवायचं ते दाखवायची, आणि शेवटी बाईसाहेबांना सगळ्यांसमोरून चालवत न्यायची. जन्मात पहिल्यांदा तिचं कुणी शिकलेल्या माणसासारखं ऐकत होतं. आणि आमचा मुखदुर्बळ दादा, तोही लोकांना सांगत सुटला, "सगळा गुण हिच्या हाताला आहे."

तो असं म्हणाला की वहिनी खाली बघायची. आता मला सांगा, वहिनी आणि लाजणं? माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

मी लक्ष ठेवायला लागले. संध्याकाळची बादली ती कुणालाही करू देत नसे. खाताना घोडीला माणसं नकोत, असं सांगून सगळ्यांना बाहेर काढायची आणि आतून कडी. नंतर बादली स्वतः विसळायची, तीही दोनदोनदा. साल आणायला म्हणून बसने शेजारच्या गावी जायची. अगं, साल तर आपल्या ओढ्यावर आहे, मागच्या वर्षीपर्यंत तीच चालत होती! एकदा मी चादर शोधायच्या निमित्ताने आत घुसले, तर तिचा हात झटकन एप्रनच्या खिशात गेला. मी बादली हुंगून बघितली. तिच्याकडूनच शिकले होते. कडू सालीचा वास, बाकी काही नाही. पण ज्याच्यात लपवायचं असतं त्याचा वास उग्रच घ्यायचा, एवढी अक्कल मला आहे.

दादाला सांगितलं. म्हटलं, तुझी बायको त्या बादलीत काहीतरी घालते, आणि ते पाला-साल नाही. ताट हातातून पडलं तरी अवाक्षर न काढणारा माझा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. तुला दुसरा उद्योग नाही का, त्या बादलीच्या वाटेला जायचं नाही, म्हणाला. मला इतकं लागलं ते. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. बायकोपुढे बहीण परकी झाली, असं म्हणून मी रडलेसुद्धा. त्याच्यावर मला तसूभर संशय आला नाही. तो त्या दिवसांत पहाटे उठून घोडीचा सकाळचा चारा स्वतः कालवायला लागला होता, जो माणूस चहा झाल्याशिवाय पांघरूण सोडत नसे. मला वाटलं, उशिरा का होईना, सुधारला.

मग बाईसाहेबांनी खाणं टाकलं. आधी वाडग्यांना तोंड लावेना, मग गवतालाही. दात खायची, तोंडातून लाळ गळायची, मान वळवून पोटाकडे बघत राहायची. वहिनी वेडीपिशी झाली. गवतवाल्याने गवतावर काकवी शिंपडली असणार. नाही, शेजारच्या शेतातली फवारणी उडून आली असणार. नाही, पाण्याच्या टाकीत काहीतरी पडलंय. टाकी उपसून झाली, गवत परत पाठवून झालं. मग ती ऑफिसात आली आणि टेबलापलीकडून म्हणाली, "वन्सं, हात दाखवा."

मी म्हटलं, आधी तुझा खिसा दाखव. झालं. आमची अशी जुंपली की शिकायला आलेली माणसं टोपी काढून परत गेली. तिने मला नाही नाही ते बोलून घेतलं, मीही काही शिल्लक ठेवलं नाही. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. घोडी वाळूत बसलीय आणि उठत नाही, मी डॉक्टरांना बोलावलंय, म्हणाला. वहिनीला न विचारता त्याने डॉक्टरांना बोलावलं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

डॉक्टर आले तेव्हा ऊन वर आलं होतं. आम्ही तिघं वाळूच्या कडेला उभे. त्यांनी गुडघे टेकले, घोडीचा ओठ वर केला, जीभ बाजूला ओढून बघितली. जिभेवर आणि हिरड्यांवर फोड होते, हिरड्यांचा रंग उडालेला.  मग म्हणाले, हे खुराचं नाही, तिला दुखण्याची पावडर जास्त झालीय. तोंडात जखमा आहेत म्हणजे पोटातही असणार, आणि मला तिच्या मूत्रपिंडांची काळजी आहे. वर ती सालही त्याच जातीची, तीही पोट जाळते. कुणी दिली, मला त्याच्याशी घेणंदेणं नाही. किती गेली तेवढं कळलं तर पुढचं ठरवता येईल.

मी वहिनीकडे बघितलं. आत कुठेतरी मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता बोल.

बोलला दादा. "मी देतो. रोज सकाळी, एक पुडी."

 त्याने खाली बघत सांगितलं, की वहिनीने डबा परत केल्यावर थोड्या दिवसांनी तो गुपचूप डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन तो परत घेऊन आला होता. घोडीचे हाल बघवत नव्हते आणि हिला सांगायची छाती नव्हती. डॉक्टर मान हलवत म्हणाले, ते मला माहीत आहे, मीच दिला. पण रोज एका पुडीने असं होत नाही. तुम्ही जास्त घालत होता.

"एकच," दादा म्हणाला. "आईशप्पथ एकच."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते पुन्हा तेच विचारत राहिले, दोन का, तीन का, आणि माझा भाऊ, ज्याने उभ्या जन्मात कुणाला चार आण्याला फसवलं नाही, शाळेतल्या पोरासारखा एकच, एकच म्हणत उभा होता. वहिनी गप्प राहिली असती तर प्रकरण दादाच्या गळ्यात पडून मिटलं असतं. तिचं नाव राहिलं असतं, रविवार राहिले असते. तिने घोडीकडे बघितलं. घोडी दात खात होती.

वहिनीने एप्रनच्या खिशातून पुडी काढली आणि डॉक्टरांच्या पुढे धरली. तसलीच पुडी, तोच कागद, फक्त शेजारच्या गावच्या दवाखान्यातली.

"दुसरी माझी," ती म्हणाली. "संध्याकाळची."

 डॉक्टरांनी पुडी उलटीसुलटी करून वाचली आणि लगेच सलाईनची तयारी करायला गाडीकडे धावले. त्यांच्या दृष्टीने हिशेब लागला होता. आमच्याकडे मात्र दादा बायकोकडे बघत उभा होता, जणू अनोळखी बाई घरात शिरलीय.

मला का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं. वहिनी म्हणाली, ती कण्हायची ते मला ऐकवेना, आणि इतकी वर्षं पावडरीला शिव्या घातल्यावर सांगणार कुठल्या तोंडाने? मग ती जे म्हणाली ते मला अजून कानात ऐकू येतं. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणत होता, गुण हिच्या हाताला आहे. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि टोमणे मारताय."

"अगं, मला वाटलं तुला बरं वाटेल," दादा म्हणाला.

त्यानंतर वहिनीने डॉक्टरांना कशालाही नाही म्हटलं नाही. सुया, नळ्या, पोटाला अस्तर लावणारं औषध, सगळं. स्वतः बाटली धरून उभी राहायची. तोंडातले फोड भरले. बाईसाहेबांनी भिजवलेलं गवत पुन्हा खायला सुरुवात केली आणि मला वाटलं, चला, सुटलो. पण पावडर बंद झाली तसे खूर बोलायला लागले. आता ती पावडर द्यायची सोय नव्हती, सालही नव्हती, पोटात जाईल असं दुखण्यावरचं काहीच तिच्या पोटाला झेपणार नव्हतं. डॉक्टरांनी खुरांचा एक्स-रे फोटो काढला. हाड खाली सरकलं होतं. दुखत नव्हतं म्हणून ती चालली होती, ओढ्यापर्यंत, आणि रविवारी लोकांसमोर, आणि प्रत्येक पावलाला आतलं थोडं थोडं सुटत गेलं होतं. हे डॉक्टर बोलले नाहीत. वहिनीने फोटो बघितला आणि तिला ते कळलं. तिचा चेहरा बघून मलाही कळलं.

आता बास, असं तिनेच सांगितलं. दादाने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, वहिनी खांद्यापासून पाठीपर्यंत हात फिरवत होती, नेहमी फिरवायची तसाच. डॉक्टरांनी सुई दिली. फार वेळ लागला नाही. मी रडले, आणि वहिनीने मला जवळ घेतलं. आमच्यात असं कधी होत नाही, म्हणून मी इथे सांगतेय.

रविवार आला. मी लोकांना येऊ नका म्हणून फोन करणार होते, पण वहिनीने करू दिले नाहीत. माणसं येऊन बाकांवर बसली. दादा मला हळूच म्हणाला, म्हातारी झाली होती असं सांगू, एवढंच. वहिनीने ते ऐकलं आणि त्याला म्हणाली, पुन्हा तेच करायचं का? मग ती पुढे जाऊन उभी राहिली. पदर नीट केला. मी तिला इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

"तुम्ही जिला बघायला आलात ती घोडी आम्ही दोघांनी मारली," ती म्हणाली. "औषध चांगलं होतं. मी ह्यांच्यापासून लपवून दिलं, ह्यांनी माझ्यापासून लपवून दिलं."

लोक चुळबुळले. काही जण उठून गेले. एक तबेलावाला जाता जाता मोठ्याने म्हणाला की हे सगळं ढोंगच होतं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं.  जे बसून राहिले त्यांना तिने गवत कसं भिजवायचं ते दाखवलं, कारण ते तरी खरं होतं. दादा तिच्या शेजारी बादली धरून उभा होता.

मागच्या बाकावरची एक बाई मधेच उठून ऑफिसात गेली. दर रविवारी न चुकता यायची ती. तिला वाटलं असावं, बाहेर ऐकू जात नाही. पण ऑफिसची खिडकी उघडी होती. फोनवर घरी कुणाला तरी ती अगदी हळू आवाजात विचारत होती, "रागावणार नाही मी. खरं सांगा, तुम्ही आपल्या घोड्याला काही देता का?"